रक्ताची साक्ष



उत्क्रांतीवर व्याख्यान आहे असे म्हटले की श्रोते माकडाची वाट पाहू लागतात. ह्या विषयावरच्या व्याख्यानांतून कवट्या असतात, जबडे असतात, दगडांत रुतून बसलेली हाडे असतात. आज आम्ही त्यांपैकी काहीच बरोबर आणलेले नाही. आम्हांस लागणार आहे तो फक्त रक्ताचा एक थेंब, आणि तो आपणां प्रत्येकाजवळ आहेच.

रक्त हा शब्द आपल्या भाषेत फार मोठे ओझे वाहतो. रक्ताचे नाते, खानदानी रक्त, 'ते त्याच्या रक्तातच आहे' असे आपण उठता-बसता म्हणतो. सोयरीक जुळवताना, भाऊबंदकीत, आणि जातीचा अभिमान मिरवताना तर ह्या शब्दावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. ज्या पदार्थाच्या नावावर आपण इतके खपवतो, तो पदार्थ स्वतः काय सांगतो ते एकदा ऐकावे, एवढाच आजचा बेत आहे. हे केवळ कुतूहलही नव्हे. रक्तातील एका अत्यंत बारीक फरकापायी ज्यांची मुले वारंवार अंथरुणाला खिळतात अशी घरे महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्या घरांपर्यंत आपल्याला पोचायचे आहे. परंतु वाट जरा लांबची आहे.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. परंतु प्रथिन हे आधी शरीरातले कामकरी आहे आणि मग ताटातले अन्न. अन्न पचवायचे असो, स्नायू आखडायचे असोत, रोगजंतूंशी झुंजायचे असो, प्रत्यक्ष हात चालवणारी प्रथिनेच असतात. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची एक माळ. मण्यांच्या जाती वीस. कोणत्या जागी कोणत्या जातीचा मणी ओवायचा ह्याचा मजकूर जनुकात लिहिलेला असतो. माळ ओवून झाली की ती नुसती लोंबत राहत नाही. स्वतःभोवती गुंडाळून ती एक ठरावीक आकार धारण करते, आणि त्या आकारावरच तिचे काम अवलंबून असते. क्वचित एखादा मणी बदलला तर आकार बिघडतो. पुष्कळदा काहीच बिघडत नाही. ह्या 'क्वचित'मध्ये आणि 'पुष्कळदा'मध्येच आजचे सारे व्याख्यान आहे.

रक्ताला लाल रंग देणारे हीमोग्लोबिन असेच एक प्रथिन होय. त्यात चार साखळ्या असतात. १४१ मण्यांच्या दोन, त्यांना अल्फा म्हणतात, आणि १४६ मण्यांच्या दोन, त्या बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत लोहाचा एक अणू बसवलेला असतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्राणवायू धरणे ही लोखंडाला नवी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात खिडकीचा गज गंजतो तो त्यामुळेच. हीमोग्लोबिनचे कौशल्य असे की, ते लोहाला गंजू न देता फुप्फुसात प्राणवायू धरते आणि स्नायूत नेऊन सोडते. सोडणे हे धरण्यापेक्षा अवघड. उतारूंना गाडीत कोंबणारा कंडक्टर कोठेही भेटेल. ज्याला त्याला आपापल्या गावी उतरवणारा खरा. चारांपैकी एका साखळीने प्राणवायू घेतला की उरलेल्यांची ओढ वाढते, आणि सोडतानाही एकीमागून दुसरी सैल होते. हा रेणू आतून कसा दिसतो हे पाहण्यासाठी मॅक्स पेरुट्झ ह्यांनी १९३७ साली केंब्रिजला काम सुरू केले आणि त्यांना आकृती हाती लागली ती १९५९ साली. बावीस वर्षे एका रेणूपाशी बसलेल्या माणसाला १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ह्यात नवल काही नाही. नवल हे की एवढा काळ त्यांना कोणी बसू दिले.

आता साक्ष काढू. माणसाची अल्फा साखळी आणि घोड्याची अल्फा साखळी शेजारी ठेवल्या तर १४१ पैकी १८ जागी निराळे मणी सापडतात. माशाची ठेवली तर जवळजवळ निम्म्या जागा बदललेल्या दिसतात. गोरिलाशी ताडून पाहिले तर अल्फात एक फरक आणि बीटात एक. आणि चिंपांझी? अल्फाचे १४१ आणि बीटाचे १४६ मणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तंतोतंत आपलेच. ज्या गृहस्थांना शेजारच्या आळीतल्या माणसाचे रक्त आपल्याहून हलके वाटते, त्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

हाडे ताडून पाहणाऱ्या पंडितांनी प्राण्यांची जी वंशावळ बांधली होती, ती बांधताना त्यांना प्रथिनांतल्या मण्यांची क्रमवारी ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. उलट मणी मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला जबड्याची लांबी-रुंदी विचारण्याचे कारण नव्हते. तरी ठळक गोष्टींत दोघांची हकीकत एकच निघाली. ह्या सभेत वकील मंडळी पुष्कळ आहेत. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे एकच वृत्तांत सांगितला तर त्याला काय किंमत येते, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

१९६२ साली एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग ह्यांनी ह्यावरून एक धाडसी हिशेब मांडला. घोडा आणि माणूस ह्यांचे पूर्वज किती काळापूर्वी वेगळे झाले ह्याचा अंदाज दगडांवरून होता; मण्यांतील फरकही ठाऊक होता. भागाकार केला तेव्हा एका साखळीत सुमारे दीड कोटी वर्षांना एक बदल असे प्रमाण आले. म्हणजे प्रथिन हे एक घड्याळ ठरले. घड्याळ काही आगगाडीच्या स्टेशनातले नव्हे. निरनिराळ्या कुळांत ते कमी-अधिक वेगाने चालते, आणि त्या पहिल्या हिशेबातली वर्षेही पुढे सुधारावी लागली. परंतु ते चालते. का चालते, ह्याचे उत्तर जपानचे मोतू किमुरा ह्यांनी १९६८ साली दिले, आणि ते डार्विनच्या पुष्कळ चाहत्यांना रुचले नाही. रेणूंत होणारे बहुतेक बदल उपकारकही नसतात आणि अपायकारकही नसतात; ते नुसते होतात आणि योगायोगाने वंशात टिकून राहतात, असे त्यांचे म्हणणे. घोडा आपल्याहून अठरा मण्यांनी निराळा आहे, म्हणून त्याची धाव कोठे अडली आहे?

ह्या कुटुंबाचा विस्तार प्राण्यांपुरताच नाही. आपणांपैकी ज्यांची शेती आहे त्यांनी पुढच्या हंगामात भुईमुगाचे किंवा हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहावी. गाठ जोमदार असेल तर आत गुलाबी रंग दिसेल. तो रंग हीमोग्लोबिनच्याच एका भाऊबंदाचा आहे. गाठीतल्या जिवाणूंचे नत्र बांधण्याचे काम मोकळ्या प्राणवायूने बिघडते. म्हणून झाडाने तेथे हा पहारेकरी ठेवला आहे. वनस्पती आणि प्राणी ह्यांची वाट फुटली त्याच्या आधीपासून हे घराणे चालत आलेले आहे.

आता घरातल्या वाटणीकडे पाहू. अल्फा आणि बीटा ह्या दोन साखळ्या निम्म्याहून अधिक जागी भिन्न आहेत, परंतु घडण मात्र सख्ख्या बहिणींची. त्या कशा झाल्या? जनुकाची नक्कल होताना केव्हातरी एकाऐवजी दोन प्रती एकाच घरात राहून जातात. एक प्रत जुने काम सांभाळते. दुसरीवर तेवढी जबाबदारी नसल्यामुळे ती बदलायला मोकळी राहते. हीमोग्लोबिनच्या घरात ही वाटणी सुमारे पंचेचाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी झाली. २०२० साली शिकागोच्या जोसेफ थॉर्नटन ह्यांच्या प्रयोगशाळेने आजच्या अनेक प्राण्यांच्या साखळ्यांवरून मागे मागे जात त्या प्राचीन साखळ्यांचा क्रम ताडला, आणि त्या प्रत्यक्ष तयार करून पाहिल्या. दोन साखळ्यांची जोडी चारांच्या चौकडीत बदलण्यास त्या काळातले दोनच बदल पुरेसे होतात, असे त्यांना आढळले. इतके गुंतागुंतीचे यंत्र, आणि जोडायला दोन मणी.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. वीस जातींचे मणी १४१ जागी ओवण्याचे प्रकार मोजले तर १८४ अंकी संख्या येते. इतक्यांतून नेमकी हीच माळ निव्वळ योगायोगाने कशी सापडली? आक्षेप बिनतोड दिसतो. पण एका फाशात ही माळ पडली असे कोणी म्हटलेलेच नाही. जुन्या चालू माळेत एक मणी बदलतो; काम अडले तर तो वंश मागे पडतो, न अडले तर माळ पुढे जाते. शिवाय चालणारी माळ एकच नाही. मासा, कोंबडी, घोडा, माणूस, प्रत्येकाची निराळी आणि प्रत्येकाची चालू.

हिवाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरतात. ते मंगोलिया-तिबेटच्या बाजूने येतात, म्हणजे हिमालय ओलांडून येतात. ते एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात असे पूर्वी सांगत. पाठीवर यंत्रे बांधून पाहिल्यावर ते बहुधा साडेपाच हजार मीटरांच्या खालून आणि क्वचितच सात हजारांच्या वर गेलेले आढळले. दंतकथा थोडी खाली उतरली, पराक्रम काही कमी झाला नाही. तेथील विरळ हवेत आपण चार पावले चालून बसू. सपाटीवर राहणाऱ्या करड्या हंसाच्या आणि ह्याच्या हीमोग्लोबिनमध्ये चार मण्यांचा फरक आहे. त्यांतला अल्फाच्या ११९ व्या जागचा, प्रोलीनऐवजी ॲलानीन, हाच मोलाचा असावा असा तर्क पेरुट्झ ह्यांनी १९८३ साली केला. १९९१ साली मानवी हीमोग्लोबिनमध्ये तेवढाच बदल करून पाहिला, तो प्राणवायूची पकड खरोखरच वाढली. पंख, छाती आणि श्वास ह्यांचा वाटा आहेच. परंतु विरळ हवेतून प्राणवायू ओढून घेण्यास एका मण्याने हात दिला.

आणि ह्याच्या अगदी उलट उदाहरण दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात आहे. तेथल्या काही माशांच्या रक्तात हीमोग्लोबिनच नाही; रक्त पाण्यासारखे. नॉर्वेचे योहान रूड ह्यांनी १९५४ साली हे प्रसिद्ध केले. इतक्या थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, म्हणून जनुक मोडूनही मासा जगला. तुटक्या अल्फा जनुकाचा अवशेष आजही त्याच्या पेशीत पडून आहे. पडक्या वाड्याचा चौथरा राहावा तसा. मात्र ही सवलत फुकट मिळालेली नाही. मोठे हृदय आणि पुष्कळ रक्त बाळगून तो तिची किंमत भरतो. उत्क्रांती म्हणजे पायरी-पायरीने वर जाणे, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही ह्या माशाकडे बोट दाखवू.

आता आम्ही ज्या घरांचा उल्लेख केला तेथे येतो.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनी एका रोग्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे एकोणचाळीस वर्षांनी, १९४९ साली, पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि ह्या रोग्याचे हीमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही निरनिराळ्या वेगाने सरकली. दोष पेशीत नव्हता, रेणूत होता. मग केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी त्या रेणूचे लहान लहान तुकडे करून कागदावर पसरले. सगळे ठिपके जुळले, एक तेवढा सरकलेला. १९५७ साली त्याचा पत्ता लागला. बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. १४६ मण्यांतला एक. व्हॅलीन पाण्याला दूर लोटते, त्यामुळे प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात, पेशी ताठर आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडे ठणकतात, रक्त कमी पडते, पाणथरी निकामी होते, साधा ताप जिवावर बेततो.

दोन्ही प्रती सदोष असतील तर रोग. एक सदोष आणि एक बरी असेल तर माणूस वाहक, आणि वाहकाला सहसा काही होत नाही. परंतु रोगी मुले पूर्वी वयात येण्याआधीच दगावत. मग हा मणी पिढ्यान्‌पिढ्या झडून कसा गेला नाही? थॅलेसेमिया नावाच्या दुसऱ्या रक्तदोषासंबंधी असाच प्रश्न होता, आणि त्या दोषाचे वाहक हिवतापापासून बचावत असावेत असे जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी सुचवले होते. हे हाल्डेनसाहेब पुढे १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतून पुरावा दिला. वाहकांना घातक हिवतापाचा धोका इतरांच्या मानाने जेमतेम एक दशांश असतो, असे आता दिसून आले आहे. म्हणजे जो मणी दुहेरी आला तर मारतो, तोच एकेरी आला तर हिवतापाच्या मुलखात तारतो. तेथे नातवंडे पाहिली ती पुष्कळदा ह्या वाहकांनी.

भारतात हा दोष प्रथम निलगिरीच्या आदिवासींत १९५२ साली आढळला. नागपूरकडचा शुक्ल आणि सोळंकी ह्यांचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली आला. पुढे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार अशी नावे निघत गेली. जेथे रान आणि हिवताप, तेथे हा मणी. काही जमातींत शंभरांत वीस-पंचवीस, कोठे त्याहूनही अधिक वाहक आहेत. गोंड, भिल्ल, पावरा ह्यांच्यात तो आहे, विदर्भातल्या अनेक दलित आणि इतर जातींतही आहे.

हे आकडे ऐकून कोणी 'त्या लोकांचे रक्तच तसले' असे म्हणेल. आम्ही उलट म्हणू की, ज्या रानात हिवतापाने माणसे पटापट मरत होती तेथे ज्यांनी तग धरला, त्यांच्या तग धरण्याची ही पावती आहे. पण पावती म्हणून गौरव करून चालत नाही. रात्रभर हाडांच्या कळांनी तळमळणाऱ्या पोराला गौरवाचा उपयोग काय? आणि घरात बोल बहुधा बसतो तो आईला. बाहेरची बाधा, हिच्या माहेरचा दोष, असे म्हटले जाते, सून माहेरी धाडली जाते. रोगी मुलाच्या दोन प्रतींपैकी एक आईकडून येते आणि दुसरी बापाकडून. बापाकडून आली नसती तर हा रोग झालाच नसता.

आणखी एक गैरसमज आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला. दोघे वाहक असतील तर चारांत एक मूल रोगी, असे डॉक्टर सांगतात. लोक समजतात, पहिले रोगी निघाले, आता पुढची तीन सुटली. तसे नाही. प्रत्येक गरोदरपणी फासा नव्याने पडतो, आणि प्रत्येक वेळी चारांत एक हीच शक्यता. एकच वाहक असेल, आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियासारखा बीटाचा अन्य दोष नसेल, तर मुलाला हा रोग होत नाही. म्हणून लग्नाच्या बोलण्यांत कुळी-गोत्र ज्या बारकाईने विचारतात त्याच्या शतांशाने ही एक गोष्ट विचारली, तरी पुष्कळ दुःख वाचेल. वाहकाला टाळावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दोन वाहकांनी डोळे उघडे ठेवून ठरवावे, एवढेच.

उपायांकडे येताना पुन्हा त्या घरातल्या वाटणीची आठवण करावी लागते. गर्भात असताना आपण बीटा साखळी फारशी वापरत नाही. तिची गॅमा नावाची बहीण वापरतो, कारण आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला पकड अधिक घट्ट लागते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा मागे पडते. गॅमाच्या सहाव्या जागी तो घातक मणी नाही, म्हणून सिकलसेलचे मूल पहिले काही महिने धडधाकट दिसते. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या जुन्या औषधाने गॅमा थोडीफार पुन्हा जागी होते, कळांचे झटके कमी होतात, आणि ते गोळीच्या रूपात मिळते. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्याहून पुढच्या उपचाराला मान्यता दिली. त्यात रोग्याच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, गॅमाला दाबून ठेवणारी कळ जनुकातच कापतात आणि पेशी परत सोडतात. पन्नास कोटी वर्षांच्या कुटुंबातली एक झोपलेली बहीण उठवण्याचा हा प्रकार. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवली गेली. धडगावच्या पाड्यावरल्या पोरासाठी ती किंमत आणि आकाशातला चंद्र ह्यांत फरक नाही.

आवाक्यातली गोष्ट आहे ती तपासणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. चाचणीला लागते बोटाच्या टोकावरचे रक्त. ते एका द्रावणाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर तो मणी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्ताचा नमुना विजेच्या चाचणीसाठी पुढे जातो. पॉलिंग ह्यांनी १९४९ साली योजलेली युक्ती तीच. निरोगी हीमोग्लोबिनचा पट्टा एका जागी थांबतो, सिकलचा दुसऱ्या जागी. वाहकाच्या रक्तात दोन्ही पट्टे शेजारी शेजारी उमटतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा.